सत्तर दिवस आणि दोन गुण: ब्रिटनमधील एका जोडप्याचे प्रकरण

व्हिसासाठी केलेल्या बनावट लग्नांचा प्रश्न ब्रिटिश संसदेत गृह व्यवहार समिती पाहते. अपंगत्व भत्त्याच्या अपिलांना लागणारा वेळ काम व निवृत्तिवेतन समितीपुढे जातो, कधी लोकलेखा समितीपुढे. दोन समित्या, दोन मंत्री, दोन प्रकारची आकडेवारी. इथे मांडलेल्या प्रकरणात लग्नाच्या चौकशीचा आणि भत्त्याच्या अपिलाचा असे दोन्ही विलंब एकाच घरात, एकाच हिवाळ्यात चालू होते आणि एकाचा निकाल लागल्याशिवाय दुसऱ्याचा उपयोग नव्हता. ओळख पटू नये म्हणून नावे, गाव, तारखा आणि काही तपशील बदलले आहेत. कायद्यातील मुदती आणि रकमा त्या काळात लागू होत्या तशाच ठेवल्या आहेत.

पार्श्वभूमी

१९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालमध्ये जन्मनोंद करून तिथले नागरिकत्व घेता येते. त्या पासपोर्टवर हजारो गोमंतकीय इंग्लंडला गेले. स्विंडन, साउथॉल, लेस्टर इथे त्यांच्या वस्त्या आहेत. सुलभा, वय ४१, पेडणे तालुक्यातली. २०१२ पासून इंग्लंडमध्ये, गोदामात पॅकिंगच्या कामावर. ब्रेक्झिटनंतर तिला ‘सेटल्ड’, म्हणजे कायम वास्तव्याचा दर्जा मिळाला. पहिल्या लग्नाचा गोव्यात घटस्फोट झालेला. २०२२ मध्ये संधिवाताचे, म्हणजे रूमटॉइड आर्थ्रायटिसचे निदान झाले आणि वर्षभरात काम सुटले.

निखिल, वय ३२, सावंतवाडीकडचा, भारतीय पासपोर्टवर. शिक्षणासाठी आला, नंतर शिक्षण संपल्यावर काम करण्यासाठीचा दोन वर्षांचा ग्रॅज्युएट व्हिसा घेतला. तो व्हिसा २० फेब्रुवारी २०२५ ला संपणार होता आणि वाढवता येणारा नव्हता. पगार वर्षाला २३,४०० पौंड. दोघांची ओळख ऑगस्ट २०२३ मधली. जानेवारी २०२४ पासून एकत्र राहणे.

सुलभाने २० नोव्हेंबर २०२३ ला ‘पिप’चा, म्हणजे पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट या अपंगत्व भत्त्याचा दावा केला. पिप उत्पन्नावर अवलंबून नसतो. दैनंदिन जगण्याच्या दहा आणि हालचालीच्या दोन कृतींसाठी गुण दिले जातात. त्या त्या भागात आठ गुणांना साधा दर, बाराला वाढीव. १४ मार्च २०२४ च्या निर्णयात तिला दैनंदिन भागात सहा गुण मिळाले: स्वयंपाकाला दोन, अंघोळीला दोन, कपडे घालण्याला दोन. दोन गुण कमी, म्हणून भत्ता शून्य.

अडचण नेमकी कुठे होती

पत्नीच्या आधाराने इंग्लंडमध्ये राहण्याचा व्हिसा मागणाऱ्याला ११ एप्रिल २०२४ पासून वर्षाला २९,००० पौंडांचे उत्पन्न दाखवावे लागते. आधी हा आकडा १८,६०० होता. दोघांचे मिळून उत्पन्न २३,४००. उरलेली ५,६०० ची तूट बचतीने भरायची, तर सूत्र असे: तुटीची अडीचपट अधिक १६,०००. म्हणजे ३०,००० पौंड, तेही सहा महिने खात्यात पडून असलेले. त्यांच्याकडे त्याच्या दशांशानेही बचत नव्हती.

मात्र आधार देणाऱ्या जोडीदाराला पिप चालू असेल, तर २९,००० ची अट लागूच होत नाही. मग फक्त ‘पुरेसा निर्वाह’ दाखवायचा: कर आणि घरभाडे वजा जाता जोडप्याच्या हाती इन्कम सपोर्ट या निर्वाह भत्त्याच्या दराइतकी रक्कम उरते का, एवढेच. ही कसोटी निखिलच्या एकट्या पगारावर पार होत होती. पिपच्या पैशांची त्यासाठी गरजच नव्हती. पिप ‘चालू आहे’ हा कागद हवा होता. आठवड्याला ७२.६५ पौंडांच्या साध्या दरावर एका कुटुंबाचे एकत्र राहणे टांगलेले होते, आणि ते दोन गुणांवर अडले होते.

दुसरी अडचण लग्नाची. इंग्लंडमध्ये लग्नापूर्वी रजिस्टर ऑफिसात नोटीस द्यावी लागते. इमिग्रेशन कायदा २०१४ नुसार २ मार्च २०१५ पासून ही मुदत पंधरावरून अठ्ठावीस दिवसांची झाली. दोघांपैकी एकजण ब्रिटिश, आयरिश किंवा सेटल्ड दर्जाचा नसेल, तर नोटीस होम ऑफिसकडे, म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्याकडे जाते, आणि तिथे वाजवी संशय वाटला तर मुदत सत्तर दिवस होते.

संसदेने काय तपासले होते, काय नाही

हा कायदा कुठून आला ते इथे सांगणे भाग आहे, कारण प्रकरणातले अर्धे निर्णय त्याच्या रचनेवर अवलंबून होते. सरकारचा अंदाज होता की बनावट लग्नाच्या आधारावर वर्षाला ४,००० ते १०,००० अर्ज येतात. संशयित लग्न कळवण्याचे बंधन रजिस्ट्रारवर १९९९ च्या इमिग्रेशन व आश्रय कायद्याच्या कलम २४ ने घातले होते. २०१३ मध्ये अशा दोन हजारांहून अधिक सूचना गेल्या. परदेशी नागरिकांनी लग्नापूर्वी घ्यायच्या परवानगीपत्राची २००५ ची योजना, जिची फी २९५ पौंड होती, हाउस ऑफ लॉर्ड्सच्या २००८ च्या निकालाने खिळखिळी झाली आणि २०११ मध्ये रद्द झाली. नोव्हेंबर २०१३ मध्ये लंडनच्या कॅमडेन टाउन हॉलमध्ये अधिकाऱ्यांनी चालू लग्न थांबवले, आणि ते लग्न खरे निघाले. गोमंतकीय कुळातले, लेस्टरचे तेव्हाचे खासदार कीथ वाझ अध्यक्ष असलेल्या गृह व्यवहार समितीने जुलै २०१४ च्या अहवालात बनावट लग्नांचाच विषय घेतला.

दुसऱ्या बाजूला, लोकलेखा समितीने त्याच २०१४ मध्ये पिपच्या विलंबावर कठोर अहवाल दिला. २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने दोन दावेदारांना झालेला विलंब बेकायदा ठरवला. काम व निवृत्तिवेतन समितीने २०१८ आणि २०२३ मध्ये तपासणीच्या पद्धतीवर अहवाल दिले.

पिपवर अवलंबून असलेला जोडीदाराचा व्हिसा मात्र दोन समित्यांच्या मधल्या फटीत पडतो. विलंबाची आकडेवारीही ही फट झाकते. ट्रायब्युनलची, म्हणजे भत्त्याची अपिले ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाची, सरासरी अपील दाखल झाल्यापासून निकालापर्यंत मोजली जाते. त्याआधी काम व निवृत्तिवेतन खात्याकडेच मागावा लागणारा सक्तीचा फेरविचार तीत नसतो, आणि ज्यांचा निकाल लागलेला नाही ते तर नसतातच. सुलभाच्या बाबतीत फेरविचारातच अकरा आठवडे गेले. संसदेतल्या उत्तरात त्या अकरा आठवड्यांना जागा नाही.

पर्याय कोणते होते

सप्टेंबर २०२४ मध्ये, जोडपे सल्ला केंद्रात पहिल्यांदा आले तेव्हा, पाच वाटा तपासल्या गेल्या.

लग्न न करता जोडीदार म्हणून अर्ज: ३१ जानेवारी २०२४ पासून एकत्र राहण्याची अट सैल झाली आहे, पण विवाहासारखे नाते दोन वर्षांचे असावे लागते. फेब्रुवारी २०२५ पर्यंत ओळखीलाच दीड वर्ष होत होते. बाद.

निखिलला स्किल्ड वर्कर व्हिसा: सर्वसाधारण पगाराची मर्यादा तेव्हा ३८,७०० पौंड. बाद.

गोव्यात जाऊन लग्न आणि तिथून अर्ज: गोव्यात नागरी नोंदणी दोन टप्प्यांत होते, ती जमली असती. पण बाहेरून अर्ज केला की निखिलचा इंग्लंडमधला पगार हिशेबात धरता येत नाही आणि सुलभाला सकाळी मदत करणारे माणूसच जाते. शेवटचा उपाय म्हणून ठेवले.

अपवादात्मक परिस्थितीचा अर्ज: २९,००० न दाखवता मानवी हक्कांच्या आधारावर अर्ज करता येतो, पण मंजुरी मिळाली तरी कायम वास्तव्याला पाचऐवजी दहा वर्षे लागतात आणि दर अडीच वर्षांनी पुन्हा फी. ही राखीव वाट.

पाचवी: लग्न आणि पिपचे अपील दोन्ही २० फेब्रुवारीपूर्वी पूर्ण करून पाच वर्षांच्या मार्गावर अर्ज. हीच निवडली. ती निवडणे धाडसाचे होते, कारण अपिलाची तारीखच लागलेली नव्हती.

फेरविचार आणि अपील: कुठे वेळ गेला

सुलभाने फेरविचाराची मागणी महिन्याच्या मुदतीत, ८ एप्रिलला केली, पण पत्र एका पानाचे होते: मला फार त्रास होतो, निर्णय चुकीचा आहे. अशा पत्राला साधारणपणे जे उत्तर येते तेच २७ जूनला आले. खात्याला फेरविचार पूर्ण करायला कायद्याने मुदतच नाही.

अपील १५ जुलैला गेले. ट्रायब्युनलकडून अपील मिळाल्यापासून खात्याने अठ्ठावीस दिवसांत उत्तर द्यायचे असते. उत्तर आले २३ सप्टेंबरला. मधल्या काळात ट्रायब्युनलला लिहून खात्याविरुद्ध निर्देश मागता आला असता. कोणी मागितला नाही. पाच-सहा आठवडे इथेच गेले.

सप्टेंबरमध्ये पुराव्याची फेरमांडणी झाली. नियम असा की कृती सुरक्षितपणे, योग्य दर्जाने, पुन्हा पुन्हा आणि वाजवी वेळेत जमते का ते पाहायचे, आणि तेही निम्म्याहून जास्त दिवशी. सुलभाच्या अर्जात ‘कधी कधी जमते’ असे होते, आणि तेवढ्यावर खात्याने ‘साधन वापरून जमते’ ठरवून स्वयंपाकाला दोन गुण दिले. प्रत्यक्षात मनगटे सुजलेली असताना कढई उचलणे, भाजी चिरणे, कुकरचे झाकण फिरवणे तिला जमत नव्हते. माणसाची मदत लागते असे ठरले तर त्याच कृतीला चार गुण मिळतात. बेरीज आठ.

म्हणून चार आठवड्यांची रोजची नोंद, संधिवात विभागाचे पत्र आणि निखिलचे दोन पानी निवेदन जोडले. निवेदनात एक काळजी घेतली: ट्रायब्युनल फक्त निर्णयाच्या तारखेपर्यंतची, म्हणजे १४ मार्च २०२४ पर्यंतची परिस्थिती पाहू शकते. नंतर आजार वाढला असेल तर तो वेगळ्या दाव्याचा विषय. तेव्हा निखिलने जानेवारी ते मार्च २०२४ मध्ये काय केले तेवढेच लिहिले. पुराव्यात ही तारीख विसरल्यामुळे चांगली अपिले हरतात.

पहिला कळीचा क्षण: नोटीस आणि मुलाखत

४ ऑक्टोबरला दोघांनी एकत्र जाऊन नोटीस दिली. पासपोर्ट, पत्त्याचे पुरावे, निखिलचा व्हिसा, सुलभाचा घटस्फोटाचा हुकूमनामा. ९ नोव्हेंबरला हॉल ठरवला होता. तीन आठवड्यांनी पत्र आले: चौकशी होणार, मुदत सत्तर दिवस, म्हणजे १३ डिसेंबरपर्यंत.

संशय का आला ते पत्रात सांगत नाहीत. होम ऑफिस नोटिशी छाननीसाठी एका स्वयंचलित साधनातून काढते. पब्लिक लॉ प्रोजेक्ट या संस्थेने मिळवलेल्या माहितीत ग्रीस, अल्बानिया, बल्गेरिया, रुमानिया या देशांच्या नागरिकांच्या नोटिशी अधिक प्रमाणात ‘लाल’, म्हणजे चौकशीला पात्र, ठरत असल्याचे दिसले होते. या जोडप्यात नऊ वर्षांचे अंतर, स्त्री मोठी, पूर्वीचा घटस्फोट, संपत आलेला व्हिसा. यातले काय लागू पडले हे सांगता येत नाही, आणि न सांगितल्याने उत्तरही देता येत नाही. ही या पद्धतीतली खरी खोट आहे.

इथे एक गैरसमज दूर करावा लागला. या टप्प्यावर होम ऑफिस लग्नाला ‘मंजुरी’ देत नाही. जोडप्याने चौकशीला सहकार्य केले की नाही, एवढेच ठरवते. सहकार्य केले असेल तर संशय कायम असूनही सत्तर दिवसांनंतर लग्न लागू शकते. सरकार नंतर व्हिसाच्या टप्प्यावर कारवाई करते. सबळ कारणाशिवाय मुलाखतीला गैरहजर राहिले, तर ती नोटीस वाया जाते आणि दिवस पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे सगळ्यात मोठा धोका चुकलेल्या पत्राचा होता. जोडप्याने जानेवारीत घर बदललेले. निखिलच्या व्हिसाच्या नोंदीत जुना पत्ता होता. तो त्याच दिवशी बदलून घेतला, आणि बरे झाले: मुलाखतीचे पत्र आठवडाभरात आले.

मुलाखत वेगवेगळी, प्रत्येकी तासाहून जास्त. सकाळी चहा कोण करतो, औषधे कुठे ठेवतात, तिच्या भावाचे नाव काय. भावाच्या नावावर उत्तरे जुळली नाहीत. निखिलने घरी हाक मारतात ते नाव सांगितले, सुलभाने पासपोर्टवरचे. कोकणात आणि गोव्यात हे घरोघरी असते, पण अधिकाऱ्याच्या कागदावर ती विसंगती झाली. दुसऱ्याच दिवशी खुलाशाचे पत्र आणि भावाच्या जन्मदाखल्याची प्रत पाठवली.

दुसरी विसंगती गंभीर दिसत होती. पिपच्या अर्जात सुलभाने ‘एकटी राहते’ लिहिले होते, लग्नाच्या नोटिशीत दोघांचा पत्ता एकच. अर्ज नोव्हेंबर २०२३ चा, एकत्र राहणे जानेवारी २०२४ पासूनचे. दोन्ही खरे. पण सिद्ध कसे करणार? इथे युनिव्हर्सल क्रेडिटने, म्हणजे कमी उत्पन्नावर मिळणाऱ्या सरकारी भत्त्याने तारले. जानेवारी २०२४ मध्येच तिने ऑनलाइन जर्नलमध्ये जोडीदार राहायला आल्याचे कळवले होते. जोडीदारावर इमिग्रेशनचे निर्बंध असतील तर दर एकट्याचाच राहतो, पण त्याचा पगार मोजला जातो; त्यामुळे तिची रक्कम खूप घटली. व्हिसाचा प्रश्न कोणाच्या मनातही नसताना, स्वतःचे नुकसान करून केलेली ती नोंद नात्याचा सर्वांत मजबूत पुरावा ठरली.

२०१७ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने स्कॉटलंडमधल्या प्रकरणात लग्न बनावट असल्याचे सिद्ध करण्याचा भार सरकारवर असल्याचे म्हटले. तो निकाल युरोपीय कायद्याखालचा. नोटिशीच्या टप्प्यावर सरकारला वाजवी संशय पुरतो, म्हणून इथे त्याचा आधार घेतला नाही, कागद जमवले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सहकार्य केल्याचा निर्णय आला आणि १८ डिसेंबरला लग्न लागले.

दुसरा कळीचा क्षण: सुनावणी लवकर मिळवणे

सुनावणी लवकर घ्यावी असा ऑक्टोबरमधला पहिला अर्ज ‘आर्थिक ओढाताण’ एवढ्या कारणावर होता. तो ट्रायब्युनलच्या कर्मचारी अधिकाऱ्याने नाकारला. असा निर्णय चौदा दिवसांत न्यायाधीशापुढे नव्याने ठेवण्याची मागणी करता येते. ती केली, आणि यावेळी कारण नेमके दिले: २० फेब्रुवारीनंतर निर्णय सुलभाच्या बाजूने लागला तरी ज्या कामासाठी तो हवा ते काम निघून गेलेले असेल. सोबत व्हिसाची प्रत आणि २९,००० च्या अटीचा नियम जोडला. सुनावणी १६ जानेवारीला, व्हिडिओवर, न्यायाधीश, डॉक्टर आणि अपंगत्वाची जाण असलेला सदस्य यांच्यापुढे. कोंकणी दुभाषा आधीच मागितला होता. स्वयंपाकाला चार गुण, एकूण आठ.

खासदाराच्या कार्यालयाची मदत या टप्प्यावर झाली, पण मर्यादित. ब्रिटिश खासदार फक्त आपल्या मतदारसंघातल्या रहिवाशासाठी बोलतो, आणि ट्रायब्युनलच्या निर्णयात लक्ष घालत नाही. सुनावणीसाठी त्याच्या पत्राचा उपयोग झाला असे मानायला आधार नाही. खरा उपयोग निकालानंतर झाला.

तिसरा कळीचा क्षण: निकाल हाती, पैसे नाहीत

व्हिसाच्या नियमाला नुसता निकाल पुरत नाही. खात्याचे हक्कपत्र लागते आणि भत्ता बँकेत जमा झाल्याचे किमान एक स्टेटमेंट. निकालाविरुद्ध पुढे जायचे का हे ठरवायला खात्याला महिनाभर मिळतो, आणि तो १६ फेब्रुवारीला संपत होता. जोडपे निकालाच्या आनंदात होते. हा धोका कागद वाचताना दिसला.

खासदाराच्या कार्यालयाने खात्याच्या संसदीय संपर्क कक्षाला एकच मागणी केली: पुढे जाणार असाल तर आज सांगा, नसाल तर अंमलबजावणी करा. त्यात व्हिसाची तारीख ठळक होती. १२ फेब्रुवारीला दाव्याच्या तारखेपासूनची थकबाकी, साडेचार हजार पौंडांहून थोडी अधिक, जमा झाली. १४ फेब्रुवारीला अर्ज गेला. फी १,२५८ आणि आरोग्य अधिभार २,५८७.५०, थकबाकीचा बहुतेक भाग त्यातच संपला.

निष्पत्ती

मुदतीच्या आत अर्ज झाल्याने निर्णय येईपर्यंत निखिलचा राहण्याचा आणि कामाचा हक्क चालू राहिला. एप्रिलमध्ये तीस महिन्यांचा व्हिसा पाच वर्षांच्या मार्गावर मिळाला. बनावट लग्नाचा मुद्दा पुन्हा उपस्थित झाला नाही. हॉलचे आगाऊ पैसे मात्र परत आले नाहीत.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत स्वस्त सुधारणा एप्रिल २०२४ मधली. फेरविचाराच्या पत्रातच स्वयंपाकाच्या कृतीवर नेमके लिहून नोंद जोडली असती, तर अपिलाची गरज कदाचित पडली नसती. पिपच्या निकाली निघालेल्या अपिलांपैकी सुनावणीत सुमारे दहापैकी सात दावेदारांच्या बाजूने लागत आले आहेत. त्यातले अनेक पुरावे फेरविचारातही देता येण्यासारखे असतात.

नोटीस उन्हाळ्यातच द्यायला हवी होती. ती बारा महिने चालते, त्यामुळे लवकर देण्यात तोटा नाही. व्हिसा संपायला सहा महिने उरले की सत्तर दिवस गृहीत धरूनच हिशेब करावा, आणि हॉल चौकशीचे पत्र येईपर्यंत ठरवू नये.

संसदेच्या बाजूने अधिक करता आले असते. खासदाराने लेखी प्रश्न विचारला: सत्तर दिवसांपर्यंत वाढवलेल्या नोटिशींपैकी कितींमध्ये पुढे काहीच कारवाई झाली नाही? प्रश्न इतका रुंद होता की ‘अवाजवी खर्चाशिवाय माहिती काढता येणार नाही’ या ठरावीक उत्तराला वाट मोकळी झाली. एकाच वर्षापुरता आणि एकाच टप्प्यापुरता विचारला असता तर टाळणे अवघड गेले असते. समित्या व्यक्तिगत प्रकरणे सोडवत नाहीत, पण चालू चौकशीला निनावी लेखी पुरावा घेतात. तो देताना चार तारखा वेगळ्या लिहाव्यात: निर्णय, फेरविचाराचे उत्तर, अपील, आणि प्रत्यक्ष पैसे जमा झाल्याचा दिवस. पहिली आणि शेवटची सरकारी सरासरीत येत नाही. या प्रकरणात त्या दोन तारखांमध्ये अकरा महिने होते.